दोन तारांखालचे एंजिन : सुरत–मुंबई गाडीच्या वाहनाची आयुष्यकथा

रेल्वेचे एंजिन किती वर्षे चालते, असा प्रश्न कोणी विचारला तर बहुतेक माणसे त्याच्या लोखंडाकडे पाहून उत्तर देतील. चाके झिजली, सांगाडा थकला, मोटारी वारंवार जळू लागल्या, म्हणजे एंजिनाचे दिवस भरले, असा आपला साधा हिशेब असतो. तो खोटा नाही. भारतीय रेल्वेच्या कागदोपत्रीही विजेच्या एंजिनाचे आयुष्य ३५ वर्षांचे आणि डब्याचे २५ वर्षांचे धरण्याची रीत आहे. परंतु विजेच्या गाडीचे आणखी एक वय असते. ते तिच्या अंगात नसते, तिच्या डोक्यावरील तारेत असते. तारेतील वीज बदलली की खालची गाडी धडधाकट असली तरी निरुपयोगी होते. आणि दोन प्रकारच्या तारांमधील सीमा जोवर टिकते, तोवर त्या सीमेसाठी बांधलेली गाडीही टिकते. आपल्या सुरत–मुंबई मार्गावर अशाच एका सीमेसाठी जन्मलेले एंजिन सुमारे चाळीस वर्षे राबले. त्याची हकीकत या लेखात सांगावयाची आहे.

कडोदरा परिसरातील आपल्या मराठी मंडळींपैकी पुष्कळजण नंदुरबार, धुळे, जळगाव या भागांतून ताप्ती खोऱ्याच्या लोहमार्गाने इकडे आले. चलथाण किंवा उधना हे त्यांचे पहिले स्टेशन. परंतु नोकरीच्या मुलाखतीला, टाटा रुग्णालयात दाखवावयाच्या रोग्याला घेऊन, किंवा मुंबईच्या नातेवाइकांकडील कार्याला जावयाचे म्हणजे सुरतेहून मुंबईची गाडी धरावी लागते. त्या २६३ किलोमीटरांच्या प्रवासात, विरार आणि वैतरणा या स्टेशनांच्या दरम्यान, वर्षानुवर्षे एक घटना घडत असे. डब्यात बसलेल्या शंभरांपैकी नव्याण्णवांना तिचा पत्ता नसे.

ती समजण्यास विजेचा थोडा पाठ आवश्यक आहे. आपले वाचक लूमच्या मोटारींशी रोज खेळणारे, तेव्हा तो जड जाऊ नये. वीज दोन जातींची. एक सतत एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे बॅटरीतून मिळते ती. तिला आपण डी. सी. म्हणतो. दुसरी सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे हेलकावे घेणारी, म्हणजे घरात व कारखान्यात येते ती, तिला ए. सी. म्हणतो. ए. सी. ची मोठी सोय अशी की ट्रान्सफॉर्मर लावून तिचा दाब हवा तितका चढविता अगर उतरविता येतो. डी. सी. ला ट्रान्सफॉर्मर चालत नाही.

आता दाबाचे महत्त्व काय? शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह, व्होल्ट गुणिले अँपिअर. तीच शक्ती कमी दाबाने न्यावयाची तर प्रवाह वाढतो. एक उदाहरण करून पाहू. २,१८५ किलोवॅट ओढणारे एंजिन १,५०० व्होल्टांच्या तारेखाली असेल तर त्याला सुमारे १,४५७ अँपिअर घ्यावे लागतील. तेच एंजिन २५,००० व्होल्टांच्या तारेखाली असेल तर, बारीकसारीक नुकसानी सोडून, सुमारे ८७ अँपिअर पुरतात. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तार तीच ठेवली तर पहिल्या व दुसऱ्या प्रकारच्या नासाडीत पावणेतीनशे पटींहून अधिक अंतर पडेल! म्हणूनच डी. सी. च्या मार्गावर तार जाड लागते आणि वीज पुरविणारी उपकेंद्रे थोड्याथोड्या किलोमीटरांवर उभारावी लागतात. ए. सी. च्या मार्गावर तार हलकी चालते आणि उपकेंद्रे लांब लांब असली तरी भागते. ज्यांच्या पोरांनी दहावीचे विज्ञान चालू वर्षी घेतले आहे, त्यांनी हा गुणाकार घरी पुन्हा करवून घ्यावा.

मग मुंबईने अडचणीची डी. सी. का निवडली, असे कोणी म्हणेल. त्या काळी तेच शहाणपणाचे होते. जड गाडी जागची हलविण्यास डी. सी. ची मोटार उत्तम. ए. सी. चे डी. सी. करणारी यंत्रे त्या वेळी इतकी अवजड असत की ती जमिनीवरच्या उपकेंद्रात ठेवणेच सोयीचे होते. म्हणून ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याकडे पहिली विजेची गाडी निघाली ती १,५०० व्होल्ट डी. सी. वर. १९२८ साली बी. बी. अँड सी. आय. रेल्वेने, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वज कंपनीने, बोरिवलीपर्यंत तीच वीज घेतली, आणि १९३६ मध्ये तार विरारला पोहोचली. तिकडे मध्य रेल्वेच्या बाजूस घाट चढून पुणे व इगतपुरी गाठली गेली, आणि १ जून १९३० रोजी 'दख्खनची राणी' धावू लागली. पुढे १९६१ साली चित्तरंजनच्या कारखान्यात देशातील पहिले विजेचे एंजिन तयार झाले, तेही याच १,५०० व्होल्टांसाठी. त्याला 'लोकमान्य' असे नाव दिले गेले. महाराष्ट्राच्या विद्युत्-रेल्वेची सारी जडणघडण अशी एका जातीच्या विजेवर झाली.

परंतु दरम्यान जगात ज्ञान पुढे गेले. फ्रान्समध्ये उच्च दाबाच्या ए. सी. वर गाड्या चालविण्याचे प्रयोग यशस्वी झाले होते. १९५७ साली भारतीय रेल्वेने पुढील विद्युतीकरणासाठी २५,००० व्होल्ट ए. सी. ही पद्धत स्वीकारली. हा निर्णय देशाच्या हिताचा होता याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. मात्र त्यामुळे मुंबई एखाद्या बेटासारखी झाली. सभोवारच्या मुलखात एक वीज आणि बेटावर दुसरी. १९७० नंतरच्या दशकात मुंबई–वडोदरा–अहमदाबाद मार्गावर तार ओढण्याचे काम झाले, तेव्हा ती सीमारेषा विरारच्या उत्तरेस, वैतरणेच्या अलीकडे आली. ती तेथेच का आली? कारण चर्चगेट ते विरार ही लोकल गाड्यांची हद्द. तेथवरची वीज बदलावयाची म्हणजे शेकडो लोकल डबे एकदम मोडीत काढावयाचे, आणि तार अधिक अंतर मागते म्हणून जुने पूल उंच करावयाचे किंवा त्यांच्याखालचे रूळ खोल घालावयाचे. लाखो लोकांची रोजची रोजीरोटी ज्या गाड्यांवर चालते त्या थांबवून हे करणे त्या वेळी कोणालाही परवडणारे नव्हते.

सीमा आली म्हणजे ती ओलांडण्याची युक्ती हवी. सर्वांत सोपी युक्ती म्हणजे एंजिन बदलणे. मध्य रेल्वेने इगतपुरीस तीच केली. खानदेशातून भुसावळ–नाशिकमार्गे मुंबईस गेलेल्या जुन्या माणसांना तो मुक्काम आठवेल. ए. सी. चे एंजिन सुटे, डी. सी. चे जोडणे, ब्रेकची तपासणी, आणि तेवढ्यात फलाटावर चहा-वडा. प्रवाशाला मौज वाटे. गाडीच्या वेळापत्रकाला मात्र ती मौज महाग पडे. विरारला तसे करणे तर अशक्यच. तेथे लोकल गाड्यांची एवढी गर्दी की मेल-एक्सप्रेसची एंजिने सोडण्या-जोडण्यास मोकळा रूळ मिळणेही कठीण. तेव्हा दुसरी युक्ती निघाली : दोन्ही विजांवर चालणारे एकच एंजिन.

ते एंजिन चित्तरंजनच्या कारखान्याने १९७५ सालापासून बांधावयास घेतले. त्याचे सरकारी नाव डब्ल्यू. सी. ए. एम.-१. हे नाव मंत्रासारखे वाटते, पण त्याची फोड सोपी आहे. डब्ल्यू म्हणजे रुंद मापाचा रूळ, सी म्हणजे डी. सी., ए म्हणजे ए. सी., आणि एम म्हणजे प्रवासी व माल अशा मिश्र कामाचे. पुढचा एकचा आकडा हा त्या घराण्यातील पहिलेपणा. अशी ५३ एंजिने बनली. त्यांचे बिऱ्हाड वलसाडच्या शेडमध्ये होते, म्हणजे सुरतेहून मुंबईस जाताना वाटेवरच. पश्चिम रेल्वेच्या मुंबईस येणाऱ्या-जाणाऱ्या मेल-एक्सप्रेस गाड्यांचा भार त्यांनी दीर्घकाळ वाहिला.

आत रचना अशी. सहा धुरा, सहा मोटारी, मोटारी डी. सी. च्याच. पंचवीस हजारांच्या तारेखाली असताना वीज प्रथम ट्रान्सफॉर्मरमध्ये येई, तेथे तिचा दाब उतरे, मग सिलिकॉनच्या रेक्टिफायरातून ती एकदिश होऊन मोटारींना मिळे. दाब कमी-अधिक करण्यास ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांना निरनिराळ्या ठिकाणी टोके काढलेली असत. ड्रायव्हर खुंटी फिरवी तसतसा दाब पायरीपायरीने चढे. या रीतीत फार थोडी वीज फुकट जाते. पंधराशेच्या तारेखाली हा सारा सरंजाम बाजूला पडे. तेथे दाब उतरविण्यास ट्रान्सफॉर्मर नाही; मग मोटारींच्या मार्गात मोठमोठे रोधक घालून वीज अडवावयाची आणि वेग वाढेल तसे ते एकेक करून काढून घ्यावयाचे. अडविलेली वीज उष्णता होऊन वाऱ्यावर जाते. त्या पायऱ्यांवर फार वेळ रेंगाळले की रोधक तापतात. मुंबईच्या हद्दीत, दर थोड्या अंतरावर लाल-पिवळा सिग्नल आणि पुढे संथ लोकल, अशा स्थितीत ड्रायव्हरला रेंगाळण्यावाचून गत्यंतर नसे. हे एंजिन ए. सी. वर ३,६४० अश्वशक्तीचे, डी. सी. वर ते २,९३० चे होई. एकच पैलवान दोन आखाड्यांत उतरतो आणि दुसऱ्या आखाड्यात त्याची ताकद पाचवा हिस्सा कमी पडते, तसा हा प्रकार.

आता विरार–वैतरणेमधील ती घटना. दोन जातींच्या तारा एकमेकींना जोडता येत नाहीत. म्हणून त्यांच्यामध्ये काही अंतर निर्जीव तारेचे ठेवलेले असे. मुंबईकडे येणारी गाडी त्या जागेजवळ आली की रुळाकाठच्या पाट्या ड्रायव्हरला सूचना देत. तो मोटारींची वीज तोडी, मुख्य खटका उघडी, वर तारेला टेकलेला पंटोग्राफ खाली घेई. आता गाडी नुसत्या वेगाच्या जोरावर, उतारावरून पायडल न मारता सायकल जावी तशी, पुढे जाई. तेवढ्या अवधीत आतील जोडण्या ए. सी. च्या सोडून डी. सी. च्या करावयाच्या, निर्जीव पट्टा संपला की डी. सी. साठी ठेवलेला दुसरा पंटोग्राफ वर करावयाचा, दाब पंधराशेच आहे याची खात्री करावयाची, खटका बंद करावयाचा आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून वेग चढवावयाचा. चूक झाली तर? पंधराशे व्होल्टांसाठी बांधलेल्या भागांवर पंचवीस हजार येण्याचा प्रसंग. आणि वेग अपुरा पडून गाडी त्या निर्जीव पट्ट्यातच थांबली तर तिला दुसऱ्या एंजिनाने ढकलल्यावाचून सुटका नाही, कारण डोक्यावर तार असून तिच्यात प्राण नाही. ज्या ड्रायव्हरांनी पावसाळ्यात, रात्री, मागे अठरा-वीस डबे घेऊन हे वर्षानुवर्षे बिनचूक केले, त्यांच्या कौशल्याची नोंद फारशी कोठे झालेली नाही, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते.

डब्यातील प्रवाशाला काही कळत नसे, याचे कारणही मजेदार आहे. आपल्या जुन्या डब्यांतील दिवे व पंखे वरच्या तारेवर चालतच नसत. डब्याखाली धुरेला पट्ट्याने जोडलेला डायनामो असे, आणि सोबत बॅटऱ्या. चाक फिरे तोवर डबा आपली वीज आपणच करी. त्यामुळे एंजिन निष्प्राण होऊन घरंगळत असताना मागे डब्यात पत्त्यांचा डाव बिनदिक्कत चालू राही.

या मार्गावरील सुरतकरांची लाडकी गाडी म्हणजे 'फ्लाइंग राणी'. तिचे मूळ १९०६ च्या साप्ताहिक सुट्टीच्या खास गाडीत. १ मे १९३७ रोजी ती नव्याने सुरू झाली, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बंद पडली, आणि १९५० च्या नोव्हेंबरात पुन्हा धावू लागली. पहाटे सुरत सोडावयाची, कामे उरकून संध्याकाळी मुंबई सेंट्रलहून परतावयाचे : कापडाचे दलाल, हिऱ्याचे कारागीर, कचेऱ्यांतील नोकर, सर्वांनी तिला आपल्या घड्याळाशी जुळवून घेतले. १८ डिसेंबर १९७९ पासून तिला मजली डबे जोडले गेले. खाली काही पायऱ्या उतरून एक मजला, वर काही पायऱ्या चढून दुसरा. गर्दीच्या मार्गावर लांबी न वाढविता बैठका वाढविण्याचा तो उपाय होता. बैठक अरुंद, वरच्या मजल्यावर डोके आपटण्याची भीती, पण पासवाल्यांना तिचा लळा लागला होता. १६ जुलै २०२३ रोजी त्या डब्यांची जागा नव्या एल. एच. बी. डब्यांनी घेतली. म्हणजे मजली डब्यांची ही परंपरा त्रेचाळीस वर्षे चालली. एका डब्याचे आयुष्य पंचवीस वर्षे धरले तर हे कसे, असे विचारणाराला उत्तर असे की एक डबा जातो, त्याच घडणीचा दुसरा येतो. जातीचे आयुष्य व्यक्तीच्या आयुष्याहून मोठे असते. एंजिनाच्या बाबतीत मात्र दुसरी पिढी येते की नाही, हे तारेवर अवलंबून राहते.

येथे जपानकडे वळणे योग्य होईल. जपान हे नाव आता कडोदऱ्यास परके राहिलेले नाही. मुंबई–अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचे सुरतचे स्थानक आपल्यापासून जवळच अंत्रोली येथे उभे झाले असून, त्या ५०८ किलोमीटरांच्या मार्गाची घडण जपानी शिंकान्सेनच्या धर्तीवर आहे. परंतु जपानची सगळीच रेल्वे शिंकान्सेन नव्हे. तेथे जुन्या अरुंद मार्गांचे प्रचंड जाळे आहे, आणि त्या जाळ्यावर आपल्यासारखाच दोन विजांचा घोळ आहे. तोकियो व ओसाका यांच्या आसपास १,५०० व्होल्ट डी. सी.; अन्य काही प्रदेशांत २०,००० व्होल्ट ए. सी. त्यातही देशाच्या पूर्व भागात विजेचे हेलकावे सेकंदाला पन्नास आणि पश्चिम भागात साठ! एका देशात तीन विजा.

लांब पल्ल्याच्या मर्यादित थांब्यांच्या गाड्या, ज्यांना ते लिमिटेड एक्सप्रेस म्हणतात, त्या या सीमांवर अडून चालणार नव्हते. म्हणून जपानी राष्ट्रीय रेल्वेने १९६४ साली डी. सी. व साठ हेलकाव्यांची ए. सी. यांवर चालणारी ४८१ मालिका काढली, १९६५ साली पन्नास हेलकाव्यांसाठी ४८३ मालिका, आणि १९६८ साली तिन्ही पचविणारी ४८५ मालिका. आपल्याकडे एंजिन वेगळे व डबे वेगळे. तेथे एंजिनच नाही, मोटारी डब्यांच्या पोटाखाली वाटून दिलेल्या. ही मालिका १९७९ पर्यंत बांधली जात होती. ओसाकाहून होकुरिकूच्या किनाऱ्याकडे जाणारी 'राइचो', म्हणजे एका डोंगराळ पक्ष्याच्या नावाची गाडी, ही तिच्या प्रसिद्ध सेवांपैकी एक. गाडी निर्जीव पट्ट्यातून जाताना तेथील प्रवाशाला मात्र हटकून कळे, कारण डब्यातील दिवे वरच्या तारेवर चालत. क्षणभर डबा अंधारे, एखाददुसरा बॅटरीचा दिवा मिणमिणे, आणि पुन्हा उजेड पडे. मुले त्या क्षणाची वाट पाहत असतील, यात शंका नाही.

या मालिकेला सगळीकडे यश आले असे मात्र नाही. १९७५ साली तिचे थंडीसाठी सुधारलेले डबे होक्काइदो बेटावर पाठविले, तर तेथील पिठासारखा बारीक बर्फ यंत्रांत शिरून ते वारंवार बिघडू लागले. काही वर्षांतच त्यांना परत बोलवावे लागले आणि त्या बेटासाठी वेगळी मालिका बांधावी लागली. तारेशी जमले, हवेशी जमले नाही. अन्यत्र मात्र ४८५ मालिका पिढ्यान्‌पिढ्या चालली. २०११ च्या मार्चमध्ये 'राइचो' हे नाव व त्या गाडीवरील ही मालिका दोन्ही संपली. पर्यटनासाठी रूप पालटलेली अखेरची गाडी २०२२ च्या डिसेंबरात निवृत्त झाली.

आता आपल्या सीमेकडे परत येऊ. मुंबईची वाहतूक इतकी वाढली की पंधराशे व्होल्टांच्या तारेला ती पेलवेना. लांब व जलद लोकल गाड्या चालवावयाच्या तर एवढा प्रवाह आणावयाचा कोठून? तेव्हा रूपांतराचा निश्चय झाला. पण आधी गाड्या की आधी तार? तार बदलली तर जुन्या लोकल निकामी. गाड्या बदलल्या तर जुन्या तारेवर त्या चालणार नाहीत. या पेचातून दोन्ही विजांवर चालणाऱ्या लोकल गाड्यांनी वाट काढली. त्या २००७ पासून मुंबईत येऊ लागल्या. बाहेरून पाहता या लोकल आणि आपले वलसाडचे एंजिन एकाच गुणाचे. दोघांनाही दोन्ही विजा चालत. परंतु त्यांचे कार्य परस्परविरुद्ध होते. एंजिन सीमा सांभाळण्यासाठी जन्मले होते. लोकल सीमा पुसण्यासाठी आल्या. तुकड्यातुकड्याने तार बदलत गेली आणि २०१२ च्या फेब्रुवारीत पश्चिम रेल्वेवरील डी. सी. संपली. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर ते २०१५ च्या जूनमध्ये घडले. हार्बर मार्गावरील अखेरची डी. सी. लोकल २०१६ च्या एप्रिलमध्ये धावली. १९२५ साली ज्या मार्गावर आरंभ झाला त्याच मार्गावर शेवट झाला, हा योगायोग विलक्षण खरा.

सीमा पुसल्याचा पहिला लाभ कोणास झाला म्हणाल तर पालघर–डहाणूच्या माणसाला. पूर्वी लोकलचे जग विरारला संपे. पलीकडच्या गावांतील नोकरदार, भाजीवाली, कोळीण, कॉलेजचा विद्यार्थी यांनी विरारला उतरून शटल गाडीची वाट पाहावयाची, ती चुकली तर फलाटावर बसून राहावयाचे. त्या माणसांची व मुंबईची ताटातूट अंतराने केलेली नव्हती. ती व्होल्टांनी केलेली होती. १६ एप्रिल २०१३ रोजी चर्चगेटहून थेट डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली. जपानातही असेच घडले, पण उलट्या दिशेने. होकुरिकू मार्गावर नागाहामा ते त्सुरुगा हा पट्टा ए. सी. चा होता, क्योतो–ओसाकाच्या उपनगरी गाड्या थेट त्सुरुगापर्यंत जाव्यात म्हणून २००६ साली तेथील ए. सी. काढून डी. सी. घातली गेली. शास्त्राच्या पुस्तकात ए. सी. श्रेष्ठ ठरते म्हणून ती सर्वत्र जिंकतेच असे नाही. जेथे गाड्या भरपूर आहेत व पट्टा लहान आहे, तेथे निराळे गणित बरोबर येते.

आणि ते एंजिन? ५३ पैकी पहिली एंजिने १९७५ ची. त्यांची पस्तीस वर्षे २०१० च्या सुमारास भरली, आणि तार २०१२ साली बदलली. लोखंडाचे वय आणि तारेचे वय ही दोन्ही त्यांच्या बाबतीत जवळजवळ एकाच वेळी पूर्ण झाली. डी. सी. चा सरंजाम अंगावर निकामी ओझे होऊन राहिला. मुंबईत आता नुसत्या ए. सी. ची, अधिक जोमदार एंजिने सरळ येऊ लागली, आणि ही जुनी मंडळी नंतरच्या वर्षांत किरकोळ कामावर जाऊन एकेक करून मोडीत निघाली. त्यांची धाकटी भावंडे इतकी भाग्यवान नव्हती. भोपाळच्या नव्हे, हेवी इलेक्ट्रिकल्सच्या झाशीच्या कारखान्यातून १९९५ नंतर आलेली डब्ल्यू. सी. ए. एम.-२ व मध्य रेल्वेसाठी बांधलेली डब्ल्यू. सी. ए. एम.-३ ही एंजिने तार बदलली तेव्हा वीस वर्षांचीही झाली नव्हती. लोखंडाने तरुण, पण ज्या कामासाठी जन्मली ते कामच उरले नाही. त्यांना नुसत्या ए. सी. वर इतर एंजिनांच्या पंगतीत बसून दिवस काढावे लागले.

दुहेरी एंजिन बांधणे हा शहाणपणा होता काय? माझ्या मते होता, पण महागडा. सुरत–मुंबईच्या २६३ किलोमीटरांपैकी डी. सी. चा पट्टा सुमारे पंचावन्न किलोमीटरांचा. अहमदाबादपर्यंतच्या ४९१ किलोमीटरांचा विचार केला तर जेमतेम नववा हिस्सा. तेवढ्यासाठी प्रत्येक एंजिनाने रोधकांचा, जादा खटक्यांचा आणि दुसऱ्या पंटोग्राफचा भार सबंध वाट वाहिला. परंतु दुसरा पर्याय म्हणजे विरारला एंजिन बदलणे किंवा तारेखालून डिझेल चालविणे. त्यापेक्षा हा भार बरा. ज्या माणसाने रुग्णाला मांडीवर घेऊन रात्रीची गाडी धरली असेल, त्याला विरारला अर्धा तास थांबावे लागले नाही, याची किंमत हिशेबाच्या वहीत मांडता येत नाही.

जपानमध्ये मात्र एक सीमा अशी आहे की ती पुसणे कोणाच्या हाती नाही. तोकियोच्या ईशान्येस इबाराकी प्रांतात काकिओका येथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मोजमाप करणारी वेधशाळा आहे. डी. सी. रेल्वेचा परतीचा प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपतो आणि तेथील नाजूक मापनात घोटाळा करतो. म्हणून वेधशाळेच्या टापूत रेल्वेस ए. सी. च वापरावी लागते, आणि जोबान मार्गावर तोरिदे व फुजिशिरो यांच्यामध्ये निर्जीव पट्टा कायम राहिला आहे. त्यामुळे तेथे दुहेरी गाड्यांचा वंश खुंटला नाही. जोबान मार्गावरील लिमिटेड एक्सप्रेससाठी दोन्ही विजांवर चालणारी नवी ई-६५७ मालिका सेवेत आली ती २०१२ च्या मार्चमध्ये, विरारची सीमा पुसली गेली त्याच्या पुढच्याच महिन्यात.